हिरवळीवर ओल्या रंगाची पाटी

रंगारीकाकांना एका हातात संपलेलं काम म्हणजे अर्धवट काम वाटायचं. भिंतीला रंगाचा पहिला हात उभा द्यायचा, तो नीट वाळू द्यायचा आणि मग दुसरा हात आडवा मारायचा, हे ते चाळीस वर्षं करत आले होते. होता होता ही सवय भिंतीवरून उतरून त्यांच्या अंगात मुरली. दाढी दोनदा, एकदा उभी आणि एकदा आडवी. कुलूप दोनदा ओढून बघायचं. चहातली साखर आधी एका बाजूने ढवळायची, मग उलट्या बाजूने. काकू म्हणायच्या, "लग्नसुद्धा दोनदा केलं असतंत तुम्ही." त्यावर काका अगदी गंभीरपणे विचार करून म्हणायचे, "केलं असतं, पण तुझ्याशीच. दुसरा हात त्याच रंगाचा द्यायचा असतो."

माणूस भलताच उत्साही. एखादी गोष्ट डोक्यात शिरली की त्यांना बसवत नसे. आनंदाची बातमी त्यांनी आयुष्यात कधी बसून सांगितली नाही. मुलगी झाल्याचं दवाखान्यात कळलं, तेव्हा ते बाकावरून जे उठले ते संध्याकाळपर्यंत उभेच होते, अशी काकूंची तक्रार आहे. सदुसष्टाव्या वर्षी शिडीवर चढणं सुटलं, पण हा उभं राहण्याचा रोग काही सुटला नाही.

काकूंचं आयुष्य मात्र बसून गेलं होतं, पायमशीनवर. तीस-पस्तीस वर्षं त्यांनी अख्ख्या गल्लीचे कपडे शिवले. दोरा ताणला गेलाय की सैल पडलाय हे त्यांना पायपट्टीवरच्या तळव्यातून कळायचं. पुढे काचबिंदूने डोळे नेले. आधी कडेचं दिसेनासं झालं, मग समोरचं, शेवटी उजेड आणि अंधार एवढाच फरक उरला. तरी बाई घरात न अडखळता वावरायच्या. चहा करायच्या, कपाट लावायच्या, काकांनी जागा बदलून ठेवलेल्या वस्तूंवरून त्यांना बोलायच्या. मग एके दिवशी सकाळी त्या अंगणात गेल्या. अंगण कसलं, काकांचं कोठार होतं ते. रंगाचे रिकामे डबे, मोडकी शिडी, फुटक्या फरश्या. एका डब्याच्या कडीत पाय अडकला, काकू पडल्या आणि मनगट मोडलं. मनगट दीड महिन्यात जुळून आलं. भीती काही गेली नाही. त्या दिवसापासून त्यांनी उंबरठा ओलांडला नाही. खिडकीपाशी एक वेताची खुर्ची होती, ती त्यांनी धरली ती दोन वर्षं.

त्यांची एकुलती एक मुलगी दूरच्या मोठ्या शहरात नोकरी करायची. दरवर्षी पाऊस संपला की पंधरा दिवस रजा काढून यायची. त्या वर्षी आली तेव्हा तिने आधी आईला पाहिलं आणि मग खुर्चीला. खुर्चीची बैठक खोलगट झाली होती. निघायच्या दिवशी तिने वडिलांना स्वयंपाकघरात गाठलं.

"बाबा, आई दोन वर्षांत घराबाहेर पडलेली नाही. हे असं चालणार नाही."

"मी सांगतो गं तिला रोज."

"सांगून काय होतंय ते दिसतंय मला. पुढच्या वर्षी मी येईन तेव्हाही ती खुर्चीतच असली, तर मी तिला घेऊन जाणार. तुम्हीही चला. माझ्याकडे लिफ्ट आहे, दिवसभर सोबतीला बाई ठेवता येईल."

काकांनी बाहेर येऊन काकूंना विचारलं, "ऐकलंस?"

"ऐकलं," काकू म्हणाल्या. "जाईन की. इथं काय आणि तिथं काय, खुर्ची ती खुर्चीच."

हे मात्र काकांच्या काळजाला लागलं. घर सुटेल याचं दुःख होतंच, या घराची प्रत्येक भिंत त्यांनी स्वतःच्या हाताने रंगवलेली होती. पण त्याहून जास्त लागलं ते त्या आवाजातलं गार पाणी. एकेकाळी ही बाई बाही अर्धा बोट तोकडी झाली म्हणून अख्खा सदरा उसवायची. आणि आता तिला कुठल्या खुर्चीत बसायचं याचंही काही वाटत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी त्यांनी विचारलं, "अगं, मला एक सांग. चालायला भीती वाटणार नाही अशी एखादी तरी जागा आहे का?"

काकूंनी कप खाली ठेवला. "गवत," त्या म्हणाल्या. "गवतावर पडलं तरी लागत नाही."

त्या सहज बोलून गेल्या होत्या. पण काका कप हातात घेऊन उभे राहिले, आणि ते उभे राहिले म्हणजे काय होतं हे आता सांगायला नको.

रस्त्याच्या टोकाला एक रोपवाटिका होती. ती चालवणाऱ्या बाई मोजकं बोलायच्या. काका धापा टाकत तिथं पोचले आणि एका दमात डोळे, मनगट, मुलगी, लिफ्ट असं सगळं सांगून मोकळे झाले.

"अंगण केवढं आहे?" बाईंनी विचारलं.

"चौदा पावलं लांब, नऊ पावलं रुंद."

"वर्ष लागेल."

"माझ्याकडे वर्षच आहे."

"मग इथं काय करताय?" बाई म्हणाल्या आणि बियाणं मोजायला वळल्या.

अंगण रिकामं करायला अकरा दिवस लागले. शेजारपाजारचे लोक फाटकाशी थांबून विचारायचे की काय चाललंय, आणि काका फावडं टेकवून प्रत्येकाला पहिल्यापासून सांगायचे, म्हणून अकरा. नाहीतर आठ दिवसांत झालं असतं. मग त्यांनी वीतभर खोल खणून दगडगोटे वेचले, शेणखत आणि वाळू मिसळली, आणि भिंतीच्या भेगांत भरलेली लांबी सपाट करायची लाकडी पट्टी घेऊन गुडघ्यांवर बसून जमीन अशी गुळगुळीत केली, की घराकडून फाटकाकडे अगदी हलका उतार राहिला. पाणी घराकडे येता कामा नये, असं बाईंनी बजावलं होतं.

बी पेरायचं कसं हे बाईंनी सांगितलं तेव्हा तर काकांना आकाश ठेंगणं झालं. बियाण्याचे दोन सारखे भाग करायचे. एक भाग उभा फेकत जायचा, दुसरा आडवा, म्हणजे कुठं जागा सुटत नाही.

"अहो, हे तर दोन हातच झाले," काका म्हणाले. "हे मला येतं."

"येत असेल तर उत्तम," बाई म्हणाल्या. तेवढ्यात दुसरं गिऱ्हाईक आलं.

पेरून झाल्यावर काकांनी माळ्यावरून एक जुनी पाटी काढली. कुणाच्या घरी काम चालू असलं की ती ते दारात लावायचे: 'ओला रंग. हात लावू नये.' ती त्यांनी अंगणाच्या कोपऱ्यात, फाटकाजवळ रोवली. गल्लीने दोन दिवस हसून घेतलं.

नवव्या दिवशी सकाळी ते बाहेर गेले आणि खिडकीशी धावत आले. "आलं गं, आलं. मातीवर नुसता रंग उतरलाय. वाकून बघितलं तर दिसतं, उभं राहिलं तर नाही."

"कसला रंग?"

"पोपटी. त्यात थेंबभर पिवळा."

काकूंना रंग आठवत होते ते दोऱ्याच्या रिळांवरून. दुकानातले नंबर त्यांना अजून तोंडपाठ होते. "म्हणजे सव्वीस नंबरचा दोरा," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "येऊ का बघायला? पाय लावून बघते."

"अगं, अजून नको. कोवळं आहे, दबेल. दुसरा हात बाकी आहे."

त्यात चूक काही नव्हतं. कोवळ्या गवतावर पाय देऊ नये हे खरंच. पण काकांनी ते 'अजून नको' पुढे वर्षभर चालवलं आणि त्यांच्या ते लक्षातही आलं नाही. ज्या माणसाने चाळीस वर्षं लोकांना वाळेपर्यंत भिंतीपासून लांब उभं केलं, त्याला काम पूर्ण होण्याआधी कुणी हात लावणं म्हणजे अपशकुनच.

थंडी पडली आणि गवत वाढायचं थांबलं. रंग उतरून मळकट झाला. काका घाबरून रोपवाटिकेत गेले.

"मेलं का हो?"

"झोपलंय. झोपलेल्याला खायला घालू नका. आणि दंव असताना त्याच्यावर चालू नका, पाती मोडतात."

काका घरी येऊन काकूंना म्हणाले, "झोपलंय." आणि त्यानंतर दोन महिने ते फाटकापर्यंत जायचे तेसुद्धा कडेच्या फरशीवरून, हळू पावलांनी. काकू म्हणाल्या, "पोरगी पाळण्यात होती तेव्हा दाणदाण पाय आपटत फिरायचात."

ऊन जरा तापू लागलं तसं गवत जागं झालं, आणि गवताबरोबर तणही. काकांनी ते लांबी भरायच्या पातीने मुळासकट उपटलं. माती उकरायच्या लोखंडी काट्याने जागोजागी भोकं पाडली, कारण जमीन घट्ट झाली की मुळांचा जीव गुदमरतो असं बाईंनी सांगितलं होतं. गवत कापायचं ढकलगाडीसारखं एक जुनं यंत्र त्यांनी मिळवलं. एका वेळी उंचीचा तिसरा हिस्साच कापायचा, जास्त नाही. एका आठवड्यात उभे पट्टे, पुढच्या आठवड्यात आडवे. कापून झाल्यावर ते रस्त्यापलीकडे जाऊन लांबून बघायचे, मग पुन्हा आत येऊन जवळून बघायचे.

असंच एकदा यंत्र चालू असताना काकूंनी खिडकीतून हाक मारली. "अहो, पातं बोथट झालंय."

"तुला काय ठाऊक?"

"कात्री बोथट झाली की कापड कापत नाही, चावते. आवाज बदलतो. हे चावतंय."

काकांनी वाकून पाहिलं. गवताच्या पात्यांची टोकं खरंच फाटलेली होती, पांढुरकी, दशा निघाल्यासारखी. त्यांनी पातं काढून धार लावून आणलं, आणि ही गोष्ट गल्लीत सात घरी उभ्या उभ्या सांगितली. काकूंनी विचारलं, "आता तरी येऊ का?" काका म्हणाले, "फाटकापाशी जरा विरळ आहे गं. ते भरलं की."

उन्हाळ्यात त्यांनी गवत उंच राखलं, म्हणजे मुळांवर सावली राहते. रोज शिंतोडे उडवण्यापेक्षा आठवड्यातून दोनदा पहाटे पोटभर पाणी दिलं, आणि पाणी किती खोल गेलं ते स्क्रू पिळायचा पेचकस जमिनीत खुपसून पाहिलं. पावसाळ्यात डाव्या कोपऱ्यात पाणी साचलं तेव्हा छत्री धरून बारीक चर खणला. सगळे ऋतू त्यांनी असे तळहातावर झेलले. पाऊस ओसरला, आणि मुलगी यायला सहा आठवडे उरले, तेव्हा अंगणात खरोखर बघत राहावी अशी हिरवळ होती. दुसरा कुणी असता तर हात धुऊन चहा प्यायला बसला असता.

पण रंगाऱ्याचा डोळा तो. फाटकाजवळची दोन पावलं त्यांना अर्ध्या छटेने फिकी दिसत होती. त्यांनी दाण्यांच्या खताची पिशवी आणली. पिशवीवर लिहिलं होतं की एवढ्या जागेला एक माप, आणि लगेच भरपूर पाणी. काकांनी वाचलं, मान डोलावली, आणि आपल्या पद्धतीने कामाला लागले. पूर्ण एक माप उभं टाकलं. पाणी नाही घातलं, कारण पहिला हात आधी वाळावा लागतो. दुसऱ्या दिवशी भर दुपारी पूर्ण एक माप आडवं टाकलं. तेही वाळू दिलं.

तिसऱ्या दिवशी गवत पिवळं पडलं. पाचव्या दिवशी तपकिरी. उभे आणि आडवे पट्टे जिथं एकमेकांना छेदत होते तिथं चौकटीच्या कापडासारखे चौकोन जळून गेले होते, एका मापाचे. इतकं सफाईदार काम त्यांनी भिंतीवरसुद्धा क्वचित केलं असेल.

"आज कुठला दोरा?" खिडकीतून रोजचा प्रश्न आला.

काका दाराच्या पायरीवर मटकन बसले. "एकोणतीस," ते म्हणाले. "गडद हिरवा. एकदम तजेलदार."

रंगाच्या बाबतीत हे त्यांचं पहिलं खोटं. दुसऱ्या दिवशीही त्यांनी एकोणतीस सांगितलं आणि तिसऱ्याही. काकू नुसतं "बरं" म्हणाल्या. काकांना वाटलं, पचलं. तोंडाला चव नव्हती, दाढी एकदाच होत होती. मुलगी येणार, बघणार, आणि पंधरा दिवसांनी दोघांच्या बॅगा भरणार, हे त्यांना लख्ख दिसत होतं. आणि त्या बॅगा आपल्याच हाताने भरल्या गेल्या, हेही.

चौथ्या दिवशी सकाळी ते तोंड लपवत रोपवाटिकेत गेले. बाईंनी सगळं ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "दोन हात बियाण्याला सांगितले होते, काका. तेही अर्धे अर्धे." मग म्हणाल्या, "आठवडाभर रोज जमीन धुऊन निघेल एवढं पाणी सोडा. मेलेलं ओरबाडून काढा. जे मुळातून गेलंय तिथं नवीन लावावं लागेल."

"पाच आठवड्यांत होईल?"

"अर्धंमुर्धं."

काका घरी परतले. फाटक उघडलं आणि सवयीने खिडकीकडे पाहिलं. खुर्ची रिकामी होती.

आणि मग त्यांना त्या दिसल्या. अंगणाच्या मधोमध, अनवाणी, दोन्ही हात जरा पसरून काकू उभ्या होत्या. घरातल्या घरात टेकायची काठी दारात पडलेली होती.

"अगं, तू बाहेर?" काका म्हणाले.

"ते नंतर," काकू म्हणाल्या. "हे कुरकुरतंय कशानं?"

काकांनी मागे वळून फाटक लावलं.

"तीन दिवस तुम्ही बसून बोलताय. आवाज खालून येतोय. गवत गडद हिरवं झालं आणि तुम्ही बसलात, असं होईल का? कुठला दोरा म्हणालात?"

"एकोणतीस."

"खरा सांगा."

"खाकी," काका म्हणाले. "जळलं गं सगळं. मीच जाळलं." आणि सदुसष्ट वर्षांचा तो माणूस फाटक धरून रडला. वर्षभराचं रडला. मुलीची अट, खोलगट खुर्ची, दोन हात, वाळवायला ठेवलेलं खत, सगळं हुंदक्यात सांगून टाकलं.

काकूंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "वर्षभर मला काचेआड ठेवलंत. मी गवत मागितलं होतं ते बघायला का? मला रंगाचं काय करायचंय? मला पाय ठेवायला हवं होतं."

रंगाचा माणूस आंधळ्या बायकोसाठी वर्षभर रंग शोधत बसला होता. हे त्यांना तिथं, फाटकाशी, पहिल्यांदा कळलं आणि लाजेने त्यांचे कान तापले.

काकू तोवर एक पाऊल पुढे सरकल्या होत्या. तळवा टेकवून त्यांनी हलकेच दाबला, पायपट्टी दाबतात तसा. "इकडे या. इथं वर वाळलंय, पण बुडाशी ओलसर लागतंय. हे जगेल." अजून एक पाऊल. "इथं मऊ आहे. इथं पुन्हा वाळलेलं. आणि हे," त्या थांबल्या, "हे मुळातून गेलं. खाली काहीच नाही, नुसतं पोतं."

काकांनी नाक पुसलं आणि वाकून त्या जागेवरचा झुपका ओढला. तो नुसताच हातात आला. शेजारचा ओढला, तो हलेना. दिसायला दोन्ही सारखेच खाकी होते. डोळ्यांना त्यातला फरक कळायचा काही मार्गच नव्हता.

काका ताठ उभे राहिले. "अगं," ते म्हणाले, आणि आवाज पुन्हा वरून यायला लागला, "अगं, तू चाल. तू नुसती चाल. मी खुणा करतो."

त्या सकाळी काकू दोन तास चालल्या. काकांनी अंगणावर पायाला लागेल अशी सुतळी ताणून सात पट्टे पाडले, म्हणजे आपण कुठे आहोत हे काकूंना कळावं. जिथं 'गेलं' म्हणाल्या तिथं काडी रोवली, जिथं 'जगेल' म्हणाल्या तिथं पाणी सोडलं. जेवायची वेळ टळून गेली तेव्हा कुठे काकूंच्या लक्षात आलं की आपण बाहेर आहोत. मग त्या जरा दचकल्या, काकांचा दंड धरला, आणि म्हणाल्या, "पाचवा पट्टा उद्या."

मेलेल्या जागा भरायचा प्रश्न आला तेव्हा काका बियाणं आणायला निघाले होते. काकूंनी अडवलं. "मागच्या भिंतीकडे दाट आहे ना? दाट कापडातून तुकडा काढायचा आणि फाटलंय तिथं ठिगळ लावायचं. कडा नीट जुळल्या पाहिजेत, बाकी तो धरतोच."

रोपवाटिकेच्या बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "मी हेच सांगणार होते." सांगणार होत्या की नव्हत्या देव जाणे, पण काकूंची कॉलर ताठ झाली. काका मागच्या कडेने मुठीएवढे मुळांसकट गड्डे काढून आणायचे. काकू गुडघ्यांवर बसून बोटांनी खड्डा चाचपायच्या, गड्डा फिरवून फिरवून बसवायच्या, कडेला माती दाबायच्या आणि वरून तळव्याने थोपटायच्या. एखादा गड्डा उंच राहिला तर उसवून पुन्हा लावायच्या. "पोक आलाय याला," म्हणायच्या. काकांना त्यांनी जमिनीला हात लावू दिला नाही. "तुम्ही पाणी आणा. एकदाच आणा, दोनदा नको."

आणि काका पाणी आणत होते. पाठ मोडली होती, हिरवळीला चट्टे पडल्यासारखं दिसत होतं, गल्लीतले लोक हळहळत होते, आणि या माणसाला आनंद मावेना. घरात कुणीतरी पुन्हा त्यांच्यावर ओरडायला लागलं होतं.

रोज सकाळी काकू पट्टे तपासायला बाहेर पडायच्या. पहिल्या आठवड्यात काकांचा दंड धरून, दुसऱ्या आठवड्यात त्यांच्या सदऱ्याचं टोक धरून, आणि तिसऱ्या आठवड्यात काका अंघोळीला गेलेले असताना, कुणालाच न विचारता.

मुलगी ठरल्या दिवशी आली. ती फाटकातच थबकली. समोर पाटी: 'ओला रंग. हात लावू नये.' तिच्यामागे सुतळ्या, काड्या, हिरव्यात खाकी चौकोन आणि खाकीत हिरवी ठिगळं. काका पाण्याची बादली घेऊन उभे. वर्षभर ज्या क्षणाची तयारी केली तो हा असा समोर आला.

"अजून जरा काम बाकी आहे," काका म्हणाले.

मुलीचं त्यांच्याकडे लक्षच नव्हतं. ती खिडकीकडे बघत होती. खुर्ची रिकामी होती, आणि बैठकीवर वर्तमानपत्र पसरून कुणीतरी बी वाळत घातलं होतं. तिने वळून विचारलं, "बाबा, आई कुठंय?"

"कोण आलंय?" अंगणाच्या दूरच्या टोकाकडून, पाण्याच्या पिंपामागून आवाज आला. काकू गुडघ्यांवरून उठल्या. हात कोपरापर्यंत मातीने माखलेले. "आलीस? तिथंच थांब. पाय टाकू नकोस, तिसऱ्या पट्ट्यात परवाच ठिगळ लावलंय. चप्पल काढ. मी येते."

आणि त्या आल्या. काठी नाही, कुणाचा हात नाही. अंगठ्याने सुतळ्या मोजत, दुसऱ्या पट्ट्याशी जरा डावीकडे वळून, तिसरा लांब पाऊल टाकून ओलांडून. चौदा पावलांची वाट त्यांनी वळसा घेऊन सतरा पावलांत केली. काकांनी बादली खाली ठेवली नाही, पाणी चपलेत सांडत होतं ते त्यांना कळलं नाही.

काकूंनी मातीच्या हातांनी मुलीचं तोंड चाचपलं. दोन्ही गालांवर चिखल लागला. मुलीने ते हात धरून विचारलं, "आई, तू अशी एकटी चालतेस? पडली नाहीस ना कुठं?"

"पडले की," काकू म्हणाल्या. "दोनदा पडले. लागलं नाही."